ताजमहाल हॉटेल पाठमोरे आहे काय? : एका प्रवादाची चिकित्सा

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलाविषयी एक प्रवाद पुष्कळ वर्षांपासून सर्वतोमुखी आहे. इमारत उलटी बांधली गेली. जे तोंड समुद्राकडे व्हावयाचे ते शहराकडे झाले. नकाशे हवाली करून स्वदेशी गेलेला शिल्पी परत येऊन पाहतो तो हा अनर्थ, आणि त्या धक्क्याने त्याने जीव दिला, असा त्याचा सारांश आहे. प्रस्तुत लेखकाने ही कथा प्रथम लहानपणी अपोलो बंदराच्या कठड्यावर बसून मामांच्या तोंडून ऐकली. पुढे शिक्षकी पेशात असता शाळेच्या सहलीत त्याच कठड्यापाशी मुलांना ती रंगवून सांगितलीही. प्रस्तुत लेख हे काही अंशी त्या अपराधाचे क्षालन आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

ह्या क्षालनाचा योग असा आला. त्या सहलीतला एक विद्यार्थी आता नावारूपास आला असून, गेल्या हिवाळ्यात त्याने मोठ्या आग्रहाने मला दोन रात्री ताजच्या जुन्या इमारतीत आपल्या कुटुंबासमवेत ठेवून घेतले. माझ्यासारख्या पेन्शनरास तेथला थाट मानवणारा नव्हे. पायाखालची जाजमे, दाराशी तत्पर सेवक, पाणी मागितले तर तबकातून येणार, ह्या साऱ्यांनी पहिले काही तास जीव संकोचून गेला होता. तथापि खोली बंदराच्या बाजूस होती, आणि पहाटे घारापुरीच्या अंगाने सूर्य वर येताना पाहिला तेव्हा तो संकोच बराचसा मावळला. संध्याकाळी विद्यार्थ्याने आपल्या दहा वर्षांच्या मुलीस ती उलट्या इमारतीची गोष्ट सांगितली, आणि शेवटी, ‘ही मला सरांनीच सांगितली,’ असे अभिमानाने जोडले. मुलीने विचारले, ‘मग पहिले दार कुठे होते?’ ह्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. चाळीस वर्षे संस्कृत शिकविलेल्या माणसाने एक गोष्ट सांगावी, आणि तिच्यातले दार कोठे होते एवढेही त्यास ठाऊक नसावे, ही गोष्ट मनास लागली.

प्रवादाची पाठांतरे अनेक आहेत. कोणी शिल्पी फ्रेंच होता म्हणतो, कोणी इंग्रज. कोणी त्यास वरच्या मजल्यावरून उडी घ्यावयास लावतो, कोणी समुद्रात बुडवितो, तर कोणी त्याच्या हाती पिस्तूल देतो. हस्तलिखितांशी परिचय असलेल्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको की, ज्या पाठात नाव, गाव, तिथी ह्यांपैकी काहीच स्थिर नाही, आणि स्थिर आहे ती केवळ रसपूर्ण घटना, त्याच्या मुळाशी अस्सल पोथी नसण्याचाच संभव अधिक. आमच्या शास्त्रकारांनी अशा ज्ञानास ‘ऐतिह्य’ अशी संज्ञा दिली आहे. ज्याचा मूळ वक्ता निर्दिष्ट नाही, केवळ ‘असे म्हणतात’ ह्या परंपरेने जे चालत आले, ते ऐतिह्य. आणि अमुक वडावर यक्ष राहतो हे त्याचे ठरलेले उदाहरण होय. पौराणिकांनी हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी मात्र त्यास वेगळे आसन दिले नाही. सांगणारा आप्त असेल तर ते शब्दप्रमाणात येते, नसेल तर ते प्रमाणच नव्हे, असा त्यांचा रोकडा निवाडा आहे. तेव्हा ह्या वडावरील यक्षाची झडती घेणे प्राप्त होते.

प्रथम निर्विवाद गोष्टी सांगतो. हॉटेलाचे संस्थापक जमशेटजी नसरवानजी टाटा (१८३९–१९०४). नागपूरची एम्प्रेस गिरणी १८७७ साली चालू करणारे ते हेच. अपोलो बंदरावरील भर घालून केलेल्या जमिनीचा तुकडा त्यांनी १८९८ साली दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेतला. त्या वेळी मुंबईत प्लेगचे तिसरे वर्ष चालू होते. ज्या शहरातून लोक पळत होते, त्यात परदेशचे लोक यावेत म्हणून हा गृहस्थ पदरच्या पैशाने वास्तू उभारीत होता, हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे. घरच्यांसही हा उद्योग अजब वाटला. विज्ञानसंस्था आणि पोलादाचा कारखाना योजणारा भाऊ आता भटारखाना घालणार काय, असे त्यांच्या भगिनींनी विचारल्याचे टाटांचे चरित्रकार रूसी लाला ह्यांनी नमूद केले आहे. हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. पहिल्या दिवशी पाहुणे अवघे सतरा. त्यानंतर पाच महिन्यांनी, १९ मे १९०४ रोजी, जमशेटजी जर्मनीत निवर्तले.

येथे दुसऱ्या एका प्रवादाचाही ओझरता उल्लेख करतो. जमशेटजींस वॉटसन हॉटेलात काळा माणूस म्हणून प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानापोटी ताज जन्मले, असे सांगतात. वॉटसनची ती ओतीव लोखंडाच्या सांगाड्याची इमारत काळ्या घोड्यापाशी आजही आहे. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईत प्रथम दाखविली गेली ती तेथेच. ताजचे अलीकडचे इतिहासकार चार्ल्स ॲलन ह्यांनी ह्या कथेवर अविश्वास दर्शविला असून, मुंबईस शोभेलसे हॉटेल असावे असा ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या संपादकांचा आग्रह होता, त्यास ते अधिक वजन देतात. मलाही तेच सयुक्तिक वाटते. अपमानाच्या संतापाने मनुष्य भांडण करील. पायापासून कळसापर्यंत अनेक वर्षे चालणारे बांधकाम करण्यास निराळी प्रकृती लागते. असो. तो विषय स्वतंत्र आहे.

आता शिल्पी कोण, हे पाहू. प्रवादात शिल्पी एक, आणि तो परका. वस्तुस्थिती अशी की, इमारतीचे मूळ आराखडे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा ह्या दोघा एतद्देशीयांचे आहेत. काम पूर्णत्वास नेले ते डब्ल्यू. ए. चेंबर्स ह्या इंग्रज इंजिनिअराने. बांधकामाचा मक्ता खानसाहेब सोराबजी रतनजी काँट्रॅक्टर ह्यांजकडे होता, आणि मध्यघुमटाखालचा तो प्रसिद्ध अधांतरी जिना त्यांच्याच कल्पनेचा असे सांगतात. वैद्य हे काही नवखे नव्हते. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स ह्यांनी बोरीबंदरचे विशाल स्थानक बांधले त्या वेळी, १८७८ ते १८८८ च्या दरम्यान, साहाय्यक इंजिनिअर म्हणून जे त्यांच्या हाताखाली होते तेच हे वैद्य. तेव्हा दोन एतद्देशीय आराखडेकार, एक इंग्रज इंजिनिअर, एक पारशी मक्तेदार, आणि ह्या सर्वांवर मुंबईतच राहता वाडा असलेले चोखंदळ धनी, अशी ही मंडळी. एकाने नकाशे देऊन विलायतेस जावे आणि तो परत येईपर्यंत बाकीच्या कोणाच्याही लक्षात न येता अख्खी इमारत फिरावी, ह्यास ह्या व्यवस्थेत जागाच उरत नाही. नकाशा उलटा धरला तर खिडकी डावीची उजवीकडे जाईल. पण पूर्वेस समुद्र आहे आणि पश्चिमेस शहर, एवढे तर पाया खणणाऱ्या गवंड्यासही दिसत असणार.

तथापि मनुष्यांच्या साक्षीपेक्षा दगडांची साक्ष बलवत्तर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या मुलीस बरोबर घेऊन इमारतीस आतून-बाहेरून जमेल तेवढा फेरा घातला. तिची आकृती स्थूलमानाने पाश्चात्त्य ‘यू’ अक्षरासारखी आहे. लांब पाठ बंदराकडे, म्हणजे पूर्वेस. दोन बाहू पश्चिमेस शहराकडे पुढे आलेले. ह्या दोन बाहूंच्या कवेत जे अंगण आहे त्यात आज पोहण्याचा तलाव आहे. मूळचे प्रवेशद्वार ह्याच अंगात होते. गाड्या शहरातून येत त्या ह्या बाजूस लागत. तलावाच्या काठी उभे राहून मी मुलीस म्हटले, ‘हे घे तुझे दार.’ ती म्हणाली, ‘इथे तर पाणी आहे.’ तिचेही खरेच होते. पुढे प्रवेश समुद्राकडील अंगास नेला गेला, जुन्या दारापुढची मोकळी जागा तलावाकडे गेली, आणि ज्या क्षणी लोक समुद्राकडून आत येऊ लागले त्या क्षणी, पूर्वी दार मागे का होते, हा प्रश्न उत्पन्न झाला. माझ्या मते ह्या प्रवादास बळ चढले ते तेथून.

आता समुद्राकडील अंगाकडे वळू. ती जर इमारतीची पाठ असती तर सपाट असती. नळ, धुराडी, नोकरांचे जिने तेथे आले असते. प्रत्यक्षात त्या अंगास कोरीव सज्जांच्या ओळी आहेत, कमानी आहेत, कोपऱ्यांवर छोटे घुमट आहेत. बंदरात शिरणाऱ्या गलबतावरून जे दिसावयाचे ते पुरते सजविलेले आहे. प्रवादकर्ता येथे म्हणेल, ‘हेच ते खरे तोंड, म्हणून तर दार येथे हवे होते.’ परंतु असे म्हणताना तो आपलाच पक्ष सोडतो. इमारत फिरली असती तर तोंडाची सजावटही फिरून शहराकडे गेली असती. सजावट तेवढी समुद्राकडे राहिली आणि दार तेवढे फिरले, असे होत नसते. म्हणजे ही वास्तू दोन मुखांची आहे. एक मुख पाहण्याचे आणि त्यातून पाहण्याचे, दुसरे येण्याजाण्याचे.

ह्यात आम्हांस तरी नवल वाटावयास नको. कृष्णाकाठचे वाडे पाहावेत. दिंडी दरवाजा आळीत, घोडी-पालख्यांची वर्दळ आळीत, आणि नदीकडे सज्जा. वाड्यातली बसण्याची उत्तम जागा ती. त्या वाड्यांस कोणी पाठमोरे म्हटले नाही. किल्ल्यांवरही, जी बाजू दुरून भव्य दिसते तेथेच दार ठेवावे असा नियम कधी नव्हता; रायगडाचा महादरवाजा तर बुरुजांच्या आड असा बसविला आहे की जवळ गेल्यावाचून तो दिसत नाही. हॉटेलाचे प्रयोजन लक्षात घेतले तर हीच योजना शहाणपणाची. पाहुण्याने दाम मोजावयाचे ते बंदराच्या देखाव्यासाठी. त्या बाजूस घोड्यांच्या गाड्या, सामानाचे हमाल आणि लीद आणून उभी करावयाची, की खोल्यांच्या रांगा ठेवावयाच्या? शिवाय मुंबईस दुपारनंतरचा वारा येतो तो पश्चिमेकडून. पश्चिमेस उघडी कवाड असलेले अंगण तो वारा आत घेते. त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तलावाकाठी माझे उपरणे फडफडत होते आणि बंदराच्या बाजूस हवा पडली होती. आज भोवती उंच इमारती झाल्या आहेत, तेव्हा एका दिवसाच्या ह्या अनुभवास मी प्रमाण म्हणणार नाही. अनुकूल साक्ष एवढेच म्हणतो.

सर्वांत निर्णायक आहे तो कालक्रम. आज आपण ताजकडे पाहतो ते गेटवे ऑफ इंडियाच्या पायरीवरून, आणि ती कमान जणू सदैव तेथे होती असे गृहीत धरतो. बादशहा पंचम जॉर्ज व राणी मेरी अपोलो बंदरी उतरली ती २ डिसेंबर १९११ रोजी. त्या वेळी तेथे पक्की कमान नव्हती. कोनशिला बसली ३१ मार्च १९१३ रोजी, जॉर्ज विटेट ह्यांचा आराखडा मंजूर झाला १९१४ साली, पुढे समुद्रात भर घालून भिंत बांधण्यात काही वर्षे गेली, आणि व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग ह्यांच्या हस्ते कमान खुली झाली ती ४ डिसेंबर १९२४ रोजी. म्हणजे हॉटेल उघडल्यानंतर एकवीस वर्षांनी. आज ज्या भव्य चौकाकडे हॉटेलाने ‘पाठ केली’ म्हणतात, तो चौक वैद्य आणि मिर्झा ह्यांनी आराखडे काढले तेव्हा अस्तित्वातच नव्हता. जो पाहुणा आलाच नाही त्यास पाठ दाखविली म्हणून यजमानास दोष देण्यासारखे हे आहे.

अशा गोष्टी ह्या बंदरास नव्या नाहीत. ‘अपोलो’ हे नावच पाहा. ग्रीक सूर्यदेवतेशी त्याचा काडीचा संबंध नाही. मूळ देशी नाव ‘पालव’ किंवा ‘पालवा’. ते इंग्रजांच्या जिभेवर आधी ‘पोलो’ आणि मग ‘अपोलो’ झाले. मूळ शब्दाच्या व्युत्पत्तीचे निरनिराळे पर्याय सांगितले जातात : पालव नावाचा मासा, ‘पाल’ नावाचे लढाऊ गलबत, किंवा संस्कृत पल्लव. संस्कृताच्या पक्षपातामुळे पल्लवाकडे माझे मन ओढ घेते. पण बंदराचे नाव पालवीवरून पडण्यापेक्षा मासळीवरून किंवा गलबतावरून पडणे अधिक स्वाभाविक, हे कबूल केले पाहिजे. एकदा अपोलो नाव रूढ झाले की सूर्य तेथे समुद्रातून वर येतो म्हणून ते पडले, असे सांगणारेही भेटतात. कथा पुढे, कारण मागाहून.

आता शिल्प्याच्या आत्महत्येचा भाग उरला. स्कॉटलंडात ग्लासगो शहरी केल्विनग्रोव्ह नावाचे कलासंग्रहालय आहे. ते १९०१ साली, म्हणजे आमच्या हॉटेलापूर्वी दोनच वर्षे, उघडले. त्याविषयी तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की, ते उलटे बांधले गेले आणि हे पाहून शिल्प्याने मनोऱ्यावरून उडी टाकली. तेथेही ही गोष्ट निराधार ठरली आहे. त्या इमारतीचे मुख उद्यानाकडे असावे अशीच मूळ योजना होती. दोन शहरे, एकाच दशकातल्या दोन इमारती, आणि कथा अक्षरशः एक! ग्लासगो आणि मुंबई ह्यांच्यामध्ये त्या काळी आगबोटी, इंजिनिअर आणि कारकून ह्यांची नित्य ये-जा होती. कथा कोठून कोठे गेली हा वाद मी घालीत नाही. पण जी गोष्ट दोन ठिकाणी एकाच साच्यातून निघते ती दोन्हीकडे घडलेली नसून सांगितलेली असते, हे मानण्यास प्रत्यवाय दिसत नाही. आमच्याकडील जुना साचा निराळा आहे. कोणार्कच्या कथेत बिशू महाराणा ह्या शिल्प्याचा बारा वर्षांचा मुलगा धर्मपद, बाराशे कारागिरांस न बसविता आलेला कळस बसवितो आणि त्यांची अब्रू राखण्यासाठी समुद्रात उडी घेतो. तेथे प्राण जातो तो कौशल्यापायी, येथे चुकीपायी. दोन्हींतून समुद्र मात्र सुटला नाही.

कोणी म्हणेल, एक निरुपद्रवी गोष्ट लोकांच्या करमणुकीस राहिली तर बिघडले काय? बिघडले ते असे. ह्या कथेने एक शिल्पी निर्माण केला, त्यास परका देश दिला, दुःख दिले, मरणही दिले. आणि ज्याने खरोखर आराखडे काढले त्या सीताराम खंडेराव वैद्यांस पुसून टाकले. मी स्वतः पन्नास-पन्नास मुलांच्या घोळक्यास त्या कल्पित साहेबाचे मरण सांगितले; एकाही मुलास वैद्यांचे नाव सांगितले नाही, कारण ते मलाच ठाऊक नव्हते. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे, म्हणून साडेतीनशे वर्षांनीही त्या गडाचा बांधणारा कोण ह्याविषयी कोणास कल्पित गोष्ट रचावी लागली नाही.

इमारतीच्या शैलीविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य वाटते, कारण तेथेही वैद्यांचा हात ओळखण्याजोगा आहे. गुजराती धाटणीचे सज्जे, मुसलमानी कमानी, राजपूत वळणाचे कोपरे आणि मधोमध युरोपीय घुमट, असे हे मिश्रण. युरोपीय प्रवाशास ‘पूर्वेकडे आलो’ असे वाटावे आणि तरी त्याचे अंथरूण, न्हाणीघर, विजेचा दिवा सारे त्याच्या सवयीचे असावे, हा हिशेब त्यात उघड आहे. शुद्धतेच्या आग्रही पंडितांस हे रुचणार नाही. मलाही पहिल्या दर्शनी ते गोधडीसारखे वाटले. पण दोन दिवस त्या सज्जांखालून हिंडल्यावर मत पालटले. बोरीबंदरावर गॉथिक कमानी आणि देशी नक्षी ह्यांची सांगड घालताना ज्याचा हात बसला, त्याच पिढीची ही कारागिरी आहे. आणि येथे देशी अंश पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसलेला नसून दर्शनी भागी आहे.

नोव्हेंबर २००८ मधील हल्ल्यात ह्याच घुमटाभोवतीच्या मजल्यांस आग लागली आणि हॉटेलात एकतीस जणांस प्राण गमवावे लागले. जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा पूर्णपणे उघडली. त्या जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून मी उभा होतो तेव्हा विद्यार्थी हळूच म्हणाला, ‘सर, इथे खरोखर माणसे मेली आहेत, त्या शिल्प्याची गोष्ट आता नको वाटते.’ मी त्यास काही उत्तर दिले नाही.

वाचकांस एक विनंती आहे. रावसाहेब वैद्य ह्यांच्या हातचे आराखडे, पत्रे, हिशेबाची वही अथवा दैनंदिनी कोणा घराण्याच्या रुमालात असल्यास, तसेच १९२४ पूर्वी घेतलेली, ताजचे पश्चिमेकडील प्रवेशद्वार स्पष्ट दिसेल अशी छायाचित्रे कोणा संग्राहकापाशी असल्यास, त्यांनी मंडळाच्या चिटणिसांस कळवावे. मूळ कागद मालकांकडेच राहतील. मंडळास नक्कल पुरे. डी. एन. मिर्झा आणि खानसाहेब सोराबजी ह्यांच्या संबंधीचे कागदही तितकेच अगत्याचे आहेत. पश्चिम दाराचे चांगले छायाचित्र मिळाल्यास त्याची एक प्रत त्या मुलीस पाठविण्याचे मी कबूल केले आहे.